खिशातले शंकरपाळे

«डॉक्टर, माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. मे महिन्यात त्याच्या तीन दुधाच्या दाढा भराव्या लागल्या, चौथीची रूट कॅनाल करून वर स्टीलची कॅप बसवली. तेव्हापासून मी घरात गोड जवळजवळ बंद केलंय. आता दिवाळी तोंडावर आली. सासूबाई आमच्याकडेच असतात. त्या म्हणतात, "घरच्या तुपातल्या लाडवानं कुणाचे दात किडत नाहीत, आम्ही खाल्लेच की. आणि दुधाचे दात पडणारच आहेत." गेल्या वर्षी मी डबे वरच्या फळीवर ठेवले, तर मी ऑफिसला गेले की त्या काढून द्यायच्या. त्यावरून ऐन भाऊबीजेला आमचं चांगलंच वाजलं. त्यांच्या स्वतःच्या दाढेची कॅप गेल्या दिवाळीत कडबोळं खाताना निघाली, ती परत बसवली. शिवाय दिवसातून दोनदा मशेरी लावतात. यंदा मी काय करू? चार दिवस फराळ दिला तर मुलाला पुन्हा त्या खुर्चीत बसवायची वेळ येईल का?
— एक आई, सातारा»

ताई,

फराळ द्या. चारही दिवस द्या, लाडूही द्या. तुमचं पत्र वाचताना मला सारखं वाटत होतं की लाडू द्यायचा की नाही यावर तुम्ही दोघी भांडताय, आणि दातांचं खरं नुकसान जिथे होतं तिकडे दोघींचंही लक्ष गेलेलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत सहा वर्षांचं मूल दिवसभर काय करतं ते डोळ्यांपुढे आणा. खाली किल्ला चाललेला असतो, हात कोपरापर्यंत मातीनं भरलेले. मध्येच पळत वर यायचं, डब्यातून मूठभर शंकरपाळे उचलायचे, खिशात कोंबायचे आणि पुन्हा खाली. मग बुरूज थापता थापता एकेक तोंडात. संध्याकाळी चड्डीचा खिसा उलटा केला की तळाशी साखरेचा आणि मैद्याचा चुरा निघतो. आई मला सांगते, "फार नाही हो खाल्लं त्यानं, वीसेक शंकरपाळे असतील." ती खरंच सांगत असते. पण दात वीस शंकरपाळे मोजत नाहीत, ते वेळ मोजतात.

त्याचं असं आहे. दातांवर कायम एक चिकट थर साचत असतो, त्यात जीवाणूंची वस्ती असते. आपण गोड खाल्लं की तेही खातात आणि आम्ल सोडतात. काही मिनिटांतच दाताजवळचा सामू (पीएच, म्हणजे आम्लाचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) ५.५ च्या खाली उतरतो, आणि मग दाताच्या वरच्या टणक कवचातून कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळून बाहेर पडायला लागतं. पुढे लाळ आपलं काम करते. ती आम्ल धुऊन काढते, गेलेले क्षार पुन्हा दातात भरते. मात्र त्यासाठी तिला साधारण अर्धा ते एक तास लागतो. हा चढ-उतार १९४० च्या दशकात रॉबर्ट स्टीफन या अमेरिकी संशोधकानं मोजून दाखवला, आणि आजही दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना त्याच्याच नावाचा आलेख शिकवतात.

आता खिशातल्या शंकरपाळ्यांचा हिशेब मांडा. वीस शंकरपाळे एका बैठकीत दहा मिनिटांत संपवले, तर दातांवर एकदाच हल्ला होतो आणि तासाभरात लाळ सगळं सावरून घेते. तेच वीस दोन तास पुरवून पुरवून खाल्ले, तर दर सहा मिनिटांनी एक नवा तुकडा. लाळेनं जरा सावरायला घ्यावं तोच पुढचा. दोन तास आणि वर आणखी एक तास दात आम्लातच. गोड तेवढंच, तूप घरचंच, आणि नुकसान कितीतरी पट. म्हणून घरात किती किलोचा फराळ झाला याची मला काळजी वाटत नाही. डबा दिवसातून किती वेळा उघडतो ते मला विचारावंसं वाटतं.

ही गोष्ट माणसांवरच्या प्रयोगातून कळलेली आहे, आणि तो प्रयोग आठवला की मला वाईटही वाटतं. स्वीडनमध्ये लुंड शहरात व्हिपेहोल्म नावाचं मतिमंद रुग्णांचं इस्पितळ होतं. तिथे १९४५ नंतर काही वर्षं रुग्णांना वेगवेगळ्या प्रकारे साखर खाऊ घालून त्यांचे दात किती किडतात ते पाहिलं गेलं. ज्यांना जेवणासोबत साखर मिळाली त्यांचे दात फारसे बिघडले नाहीत. ज्यांना दोन जेवणांच्या मध्ये चिकट टॉफ्या दिल्या त्यांच्या दातांची दुर्दशा झाली. ती माणसं "नको" म्हणण्याच्या स्थितीत नव्हती, आज कुणी असा प्रयोग करू धजणार नाही, करूही नये. पण त्या लोकांच्या दातांची किंमत मोजून जे कळलं, ते निदान आपल्या मुलांच्या कामी यावं.

सासूबाई म्हणतात, "आम्ही खाल्लेच की." त्यांच्या या म्हणण्यात तथ्य आहे, ते झिडकारू नका. त्यांच्या लहानपणी फराळ वर्षातून एकदाच व्हायचा, डबे उंच फळीवर असायचे आणि थाळीत मोजून मिळायचं: एक लाडू, दोन करंज्या, मूठभर चिवडा. मधल्या वेळी बिस्किटाचा पुडा, चॉकलेट, पाकिटातला ज्यूस हे बहुतेक घरांत नव्हतंच. आज आपण तोच लाडू करतो, पण त्याच्या आगेमागे दिवसभर काही ना काही तोंडात चालूच असतं.

तिखटामिठाच्या फराळाबद्दल मात्र सावध करायला हवं, कारण "गोड नको, चकली खा" असं म्हणून मुलाला सांभाळल्याचं समाधान आपण मानतो. एकदा दिवाळीच्या दुसऱ्याच दिवशी एक सात वर्षांची मुलगी माझ्याकडे आली होती. खालच्या दाढेच्या खाचेत भाजणीचा भुसा असा ठासून बसला होता की आधी मला ती कीडच वाटली. टोकदार अवजारानं उचलला तर चकलीचा वास आला. सकाळी ब्रश केला होता, तरी तो निघालेला नव्हता. पिठूळ पदार्थ लाळेत भिजले की त्यांचा लगदा होऊन खाचांत आणि फटींत बसतो. लाळेतलंच एक द्रव्य त्या पिठाची साखर करतं, आणि जीवाणूंची मेजवानी चालू राहते. बेसनाचा लाडू निदान विरघळून लवकर निघून जातो. चकली, शेव, पोह्यांचा चिवडा दाढेवर मुक्कामाला राहतात. म्हणून चिवड्याची वाटी टीव्हीसमोर घेऊन तासभर चिवडत बसणं तेवढंच वाईट.

गुळाबद्दलही लोक विचारतात. दाताच्या दृष्टीनं गूळ म्हणजे साखरच, त्यात चिकट. चिक्की आणि गुळाच्या पाकातलं काहीही तुमच्या लेकाला नको, कारण त्याच्या त्या स्टीलच्या कॅपला ते चिकटलं तर त्यासोबत कॅपच निघून येऊ शकते. तिळगुळाच्या वेळीही हे ध्यानात ठेवा.

तर यंदा असं करून बघा. फराळाच्या वेळा ठरवा, दिवसातून दोन. पहिली अभ्यंगस्नानानंतरची. त्या दिवशी पहाटे उठून आधी ब्रश, मग तेल-उटणं, अंघोळ, कारीट फोडणं, आणि मग सगळ्यांसोबत पाटावर बसून पोटभर फराळ. ब्रश आधी केला म्हणजे पेस्टमधलं फ्लोराइड दातांवर असतानाच गोड पोटात जातं. दुसरी वेळ दुपारच्या जेवणासोबत किंवा चारच्या दुधाबरोबर. दूध बिनसाखरेचं द्या. लाडू असताना दुधात साखर कशाला? थाळी वाढायची, मुलानं बसून खायचं, संपलं की उठायचं. गोड आधी, शेवटी चिवड्यातले दाणे-खोबरं चावून खाऊ दे, त्यानं लाळ सुटते. मग मोरीवर जाऊन खळखळून चूळ. आपल्याकडे जेवून उठल्यावर हात धुताना चूळ भरायची रीत होती. माझी आजी चूळ न भरता ओसरीवर येऊ द्यायची नाही. आता आपण पेपर नॅपकिनला हात पुसून मोकळे होतो. ती चूळ परत आणा. तुमच्या सासूबाईंना ती नक्की आठवत असेल, मुलाला त्यांनाच शिकवू दे.

किल्ल्याजवळ पाण्याची बाटली द्या, खिशात काही नको.

फराळाला चार घरी जाणं होतं तेव्हा वेळा मोडणारच. पहिल्या घरी मुलाला बसून हवं ते खाऊ दे. पुढच्या घरांत "याला बांधून द्या हो, घरी आवडीनं खाईल" असं म्हटलं तर कुणीही वाईट वाटून घेत नाही. उलट पिशवीत चार करंज्या जास्तच येतात. त्या दुसऱ्या दिवशीच्या थाळीत जातील.

रात्रीच्या ब्रशबाबत मात्र मी कुठलीच सवलत देणार नाही, लक्ष्मीपूजनालासुद्धा नाही. झोपेत लाळ जवळजवळ आटते. दिवसभर जी लाळ दात सावरते तीच रात्री हजर नसते, म्हणून दाढेत शंकरपाळ्याचा तुकडा ठेवून झोपलेलं मूल सगळ्यात जास्त नुकसान करून घेतं. फटाके उडवून येतं, सोफ्यावरच झोपतं, आपल्याला उठवावंसं वाटत नाही, हे मला कळतं. म्हणून त्या दिवशी फटाक्यांना खाली उतरण्याआधीच ब्रश करून टाका, नंतर फक्त पाणी.

ब्रश तुम्ही करायचा, मुलानं नाही. सात-आठ वर्षांपर्यंत मुलांच्या मनगटाला ती सफाई नसते. त्याला मांडीवर आडवं घ्या, डोकं तुमच्याकडे, म्हणजे मागच्या दाढा दिसतात. सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी. ट्यूबवर फ्लोराइड १००० पीपीएमच्या आसपास लिहिलेलं असावं. नुसती फळांच्या चवीची, फ्लोराइड नसलेली पेस्ट लहान मुलांसाठी म्हणून विकतात, ती कीड थांबवायला फारशी कामाची नाही. ब्रश झाला की थुंकायला सांगा, पण त्यावर चूळ नको, म्हणजे फ्लोराइड दातांवर राहतं. फराळानंतर चूळ हवी आणि रात्रीच्या ब्रशनंतर नको, एवढा फरक त्याला समजावून सांगा. (चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असतं. तिथल्या वाचकांनी पेस्टबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावं.) दाढांच्या फटीत काही अडकलं तर दोऱ्यानं काढा, फ्लॉस औषधाच्या दुकानात मिळतो. टाचणी आणि आगकाडी नको.

"दुधाचे दात पडणारच आहेत" याचं उत्तर मी तुम्हाला देते, तुम्ही ते भांडणात वापरू नका, निवांतपणे सांगा. पुढचे दात सहा-सातव्या वर्षी पडतात, पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. म्हणजे तुमच्या लेकाला अजून चार ते सहा वर्षं त्यांच्यावरच भाकरी चावायची आहे. दाढ वेळेआधी काढावी लागली तर शेजारचे दात सरकतात, खालून येणाऱ्या पक्क्या दाताची जागा अडते, आणि पुढे तारा लावायची वेळ येऊ शकते.

दुसरं म्हणजे, सहाव्या वर्षी तोंडात एक पाहुणी येते जिची कुणाला खबर नसते. दुधाच्या शेवटच्या दाढेच्याही मागे, कुठलाही दात न पडता, एक नवी दाढ हिरडीतून वर येते. दोन खाली, दोन वर. एकही दात पडलेला नसल्यानं घरच्यांना ती दुधाचीच वाटते, आणि ती तर जन्मभराची! तिच्या खाचा खोल असतात, सुरुवातीला ती अर्धवट वर आलेली असल्यानं ब्रश पोचत नाही, आणि नेमका त्याच वर्षी दिवाळीचा भाजणीचा भुसा तिच्यात जाऊन बसतो. माझ्याकडे दहा-अकरा वर्षांची मुलं येतात, हीच दाढ पोखरलेली असते, आणि "ही पडून नवीन येईल ना?" असं आई विचारते तेव्हा नाही म्हणताना मला फार जड जातं. आज रात्री मोबाइलचा टॉर्च धरून त्याच्या तोंडात बघा. मागे हिरडीतून पांढरं टोक डोकावत असेल तर तीच. ती पूर्ण वर आली की तिच्या खाचा सीलंट नावाच्या पातळ लेपानं बुजवून घ्या. सुई नाही, खोदकाम नाही, एका बैठकीत होतं. ज्याच्या चार दाढा आधीच किडल्यात त्याच्यासाठी हे करायलाच हवं असं माझं मत आहे.

आता सासूबाई. ताई, मागच्या वर्षी तुम्ही डबे वर ठेवले तेव्हा त्यांच्या हातातली एक गोष्ट तुम्ही काढून घेतलीत. ज्या बाईनं चार दिवस कढईसमोर उभं राहून चिरोटे तळले, तिला नातवाच्या हातावर चिरोटा ठेवायची चोरी झाली. म्हणून त्या लपवून द्यायला लागल्या, आणि लपवून दिलेलं नेहमी मधल्या वेळी, घाईत, चूळ न भरता खाल्लं जातं. यंदा डबे त्यांच्याच ताब्यात द्या. "आई, थाळी तुम्हीच वाढा, किती ते तुम्ही ठरवा. फक्त वेळा दोनच ठेवूया, आणि खाऊन झालं की त्याला मोरीवर नेऊन चूळ भरायला लावा," असं म्हणा. मे महिन्यात सुई टोचताना तो किती रडला हे त्यांनी पाहिलं नसेल तर तेही सांगा, आरोप न करता. लाडवाचा आकार लिंबाएवढा केला तर एकाऐवजी दोन वाढल्याचा आनंद त्यांना मिळेल, आणि दातांना त्यानं काही फरक पडत नाही.

त्यांच्या कॅपसाठी: रूट कॅनाल झालेला दात ठिसूळ होतो, कॅप त्याला सांभाळते. कडबोळं, कडक चकली, जाड शेव दातानं तोडायची नाही, हातानं तुकडे करून दुसऱ्या बाजूच्या दाढेनं चावायची. चकली दह्यात बुडवून मऊ करून खाल्ली तरी छान लागते. करंजी, चिरोटे, रव्याचा लाडू निर्धास्त खाऊ दे. कॅप पुन्हा निघालीच तर ती जपून डबीत ठेवा आणि डॉक्टरांकडे न्या, घरी फेविकॉल-बिविकॉल लावून बसवू नका. असं केलेलं मी पाहिलंय.

मशेरीबद्दल मी स्पष्ट लिहिते. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखू. तिनं दात साफ होतात असं वाटतं, कारण निकोटिनमुळे तरतरी येते आणि सवय लागते. हिरड्या मात्र खालावतात, आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. दिवाळीत त्यांच्या मागे लागू नका, चाळीस वर्षांची सवय चार दिवसांत सुटत नाही. पण त्यांच्या तोंडात कुठे पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तिखट झोंबत असेल, तोंड पूर्वीइतकं उघडत नसेल, तर थांबू नका. आणि नातवाच्या बोटाला ती कधीही लागू देऊ नका. फराळानंतर तबकात जी गोड सुपारी फिरते तीही मुलापर्यंत पोचता कामा नये. सुपारी तंबाखूशिवायही कर्करोगकारक आहे आणि तिनं तोंड आखडत जातं. बडीशेप द्या, साखरेचे रंगीत दाणे नसलेली.

दुखणं उपटलंच तर लक्ष्मीपूजनापासून भाऊबीजेपर्यंत बहुतेक दवाखाने बंद असतात, म्हणून हे लक्षात ठेवा. अडकलेलं अन्न दोऱ्यानं काढा, कोमट मिठाच्या पाण्यानं चूळ भरायला लावा, पॅरासिटामॉल मुलाच्या वजनाच्या हिशेबानं द्या. गोळी दाढेत दाबून ठेवायची नाही, हिरडी भाजते. लवंगेचं तेल लहान मुलाच्या हिरडीला थेट लावू नका, तेही भाजतं. गाल सुजला, ताप आला किंवा गिळताना त्रास होऊ लागला तर सण आहे म्हणून थांबू नका, त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयाच्या किंवा जवळच्या दंत महाविद्यालयाच्या रुग्णालयात न्या.

हे सगळं टाळायचं तर वसुबारसेच्या आधी एक फेरी मारून या. मेमध्ये भरलेल्या दाढा नीट आहेत का, स्टीलची कॅप घट्ट आहे का, नवी दाढ कुठवर आलीय, हे एकाच बैठकीत बघून होईल. सासूबाईंनाही सोबत न्या, त्यांची कॅप आणि तोंड तपासून घ्यायचं आहे म्हणून. नातू खुर्चीत बसेल तेव्हा डॉक्टरांना आरसा धरून ती मागची दाढ त्यांनाही दाखवायला सांगा.